डेपोतला बर्फ

बाबांच्या कोटावरची पदकं काढून घेतली तेव्हा मी सभागृहाच्या मागच्या दाराशी मुंगीच्या तोंडातून कागदी कपाचा तुकडा काढत होते. मुंगी म्हणजे माझी तीन वर्षांची मुलगी. जमिनीवर पडलेलं सगळं आपल्यासाठीच वाढून ठेवलंय अशी तिची समजूत आहे, त्यामुळे सुरुवातीचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मान वर केली तर माजी सैनिक संघाचे सचिव बाबांच्या छातीकडे बोट दाखवत होते आणि बाबा, भरल्या सभागृहात, स्वतःच्या हातांनी पिना सोडवत होते.

एकूण तीन पदकं. त्यातलं दीर्घ सेवेचं राहिलं. बर्फातल्या चौकीवर हिवाळा काढल्याचं आणि शौर्याचं, ही दोन सचिवांनी एका पाकिटात टाकली, पाकिटाच्या कडेवर चक्क जीभ फिरवली आणि ते बंद केलं.

"रेकॉर्ड ऑफिसातून पडताळणी आली आहे," ते म्हणाले. "तुमच्या नावावर ही दोन नाहीत. रेकॉर्ड दुरुस्त करून आणा, तोवर जमा. वार्षिक सभेपर्यंत नाही आणलं तर सभासदत्व रद्द, आणि नाव बाहेरच्या फळ्यावर, कारणासकट. नियम सगळ्यांना सारखा. राग नसावा."

बाबांना राग नव्हताच. ते "बरं" म्हणाले.

मला आधी त्या 'बरं'चा राग आला, मग त्या जिभेचा, मग मागच्या रांगेत गुपचूप आपापली पदकं चाचपून पाहणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांचा. एकानंही तोंड उघडलं नाही. उघडलं ते आम्ही बाहेर पडताना, आणि तेही दबक्या आवाजात: "हल्ली बाजारात मिळतात."

त्या दिवसापासून बाबांनी सकाळचं फिरणं सोडलं. मुंगीला बागेत न्यायचं तर मागच्या गल्लीनं न्यायचे. कोणी ओळखीचं दिसलं की बुटाची लेस बांधायला वाकायचे. मला हे सगळं दिसतं, कारण मला सगळंच दिसतं. मूल झाल्यापासून माझी नजर टेबलांचे कोपरे, उघडे सॉकेट आणि लोकांचे चेहरे यांच्यावरून फिरत असते, थांबत नाही.

"अहो, ती पदकं काय मी विकत आणली होती?" आई म्हणाली. "माझ्या हातात असतं तर जरा बरी दिसणारी तरी आणली असती."

बाबा हसले नाहीत.

रेकॉर्ड ऑफिसात मीच त्यांना घेऊन गेले. नवरा कामावर आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून मुंगी कडेवर. लांबच लांब खोली, छतापर्यंत लोखंडी कपाटं, एकमेकींना जखडलेल्या खुर्च्या आणि फरशीवर टाचण्या. मी बसायच्या आधी पायानं टाचण्या बाजूला लोटल्या. टेबलामागच्या कारकुनानं फाईल काढली, वाचली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच वडिलांना खोटं बोलायला शिकवून आणलंय.

"ताई, त्या हिवाळ्यात हे चौकीवर नव्हतेच. बर्फ पडायच्या आधीच खाली डेपोत आले होते. तिथे दारूगोळ्याची पेटी पायावर पडली, बोटं चिरडली, दवाखान्यात कापली. हे बघा, यांची स्वतःची जबानी. सही तुमचीच ना, आजोबा?"

"माझीच," बाबा म्हणाले.

"मग चौकीवर हिवाळा कसा काढला? उडत येऊन जाऊन?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस खिंकाळला. मी बाबांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"चल," ते म्हणाले.

पेटी पडली हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. बाबांच्या चालीचं कारण म्हणजे ती पेटी. पण पेटी आणि चौकी हे एकाच हिवाळ्यातलं आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. रस्त्यात मी विचारलं, "बाबा, पेटी आधी पडली की नंतर?"

"मुंगीला ऊन लागतंय," ते म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं. मला गप्प करायचं असलं की मुंगीचं काहीतरी काढायचं. आणि मी दरवेळी फसते. मी ओढणी तिच्या डोक्यावर धरली आणि प्रश्न तिथेच राहिला.

खरं तर मुंगीची काळजी माझ्या मनात आधीपासून होती, पण वेगळी. ती चालताना डावं पाऊल सपाट उचलून सपाट टाकायची, टाच बाहेर फेकायची. मी फोनवर शोधलं आणि शोधायला नको होतं. स्नायूंचे, मज्जारज्जूचे, नाव घेता येणार नाहीत असे आजार निघाले. नवरा म्हणाला, "अगं, धावते की चांगली." पण त्याला तर दूध उतू जाताना पण दिसत नाही. शेवटी त्याच आठवड्यात मी तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्याला जिने फार, म्हणून बाबा तिला उचलून घ्यायला बरोबर आले.

डॉक्टरबाईंनी मुंगीला चालवलं, गुडघे वाकवून पाहिले, पुन्हा चालवलं. मग विचारलं, "घरात कोणी असं चालतं का?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर बाबांच्या बुटांवर गेली होती. "आजोबा, बूट-मोजे काढा आणि हिच्याबरोबर भिंतीपर्यंत चाला."

"मी कशाला?"

"काढा हो. मी तुमच्या पायांचे वेगळे पैसे लावत नाही."

बाबांनी नाइलाजानं मोजे काढले आणि दोघं भिंतीपर्यंत गेले. नात आणि आजोबा, हुबेहूब. डॉक्टरबाई मोठ्यानं हसल्या. "काही झालेलं नाही तुमच्या मुलीला. नक्कल करते आहे, आणि झकास करते आहे." तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं. त्या बाबांच्या पायांशी खाली बसल्या.

"हे कशानं झालं?"

"पेटी पडली," मी पाठ केल्यासारखं म्हटलं.

"दोन्ही पायांवर?"

मी पाहिलं. डाव्या पायाची तीन बोटं नाहीत हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं पेरापासून गेलेली होती, ते मी आज बघत होते. मला म्हणे सगळं दिसतं! बाबा घरातसुद्धा मोजे घालतात, आणि आम्ही म्हणायचो की वयाची थंडी आहे.

"पेटीनं हाडं चिरडतात आणि मग वेडीवाकडी जुळतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथं टोकाकडून बोटं गेली आहेत, दोन्ही पायांची सारखीच. शिकून झाल्यावर मी दोन वर्षं डोंगरातल्या दवाखान्यात होते. असे पाय तिथे पुष्कळ पाहिले. हे बर्फानं नेलंय."

बाबा मोजे चढवत होते. "पोरीचं ठीक आहे ना? मग झालं तर."

झालं तर! घरी आल्यावर मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आता बोला," मी म्हटलं. "आणि मुंगीला भूक लागली आहे, हे सांगू नका. ती खाऊन झोपली आहे."

ते जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"थंडीनं पाय जाणं हा आमच्यात गुन्हा होता. रोज संध्याकाळी पायांची तपासणी व्हायची. मोजे बदलायचे, तेल चोळायचं. जोडीदाराचे पाय आपण चोळायचे, आपले त्यानं. एवढं करून बोट काळं पडलं तर तुम्ही हयगय केली असा अर्थ. शिक्षा तुम्हाला आणि डाग कंपनीला. ज्या कंपनीचा हिवाळाभर एकही पाय जात नाही, तिला वसंतात बक्षिसाची ढाल मिळायची."

"आणि तुम्ही हयगय केली?"

"मी बूट काढणार होतो कधी?" त्यांचा आवाज चढला, आणि मग आपल्याच आवाजाला दचकून खाली आला. "टेलिफोनची तार तुटली होती. आम्ही तिघं जोडायला गेलो आणि वादळात सापडलो. एकाचा पाय मोडला, दुसऱ्याला बर्फानं दिसेना. दोघांना घेऊन खाली यायला तीन रात्री गेल्या. बूट काढले असते तर परत पायात गेले नसते. चौकीवर पोचलो त्याच दिवशी मोठे साहेब हेलिकॉप्टरनं आले होते. त्यांनी चौकीची पदकं सगळ्यांना वाटली आणि मला शौर्याचंही तिथल्या तिथे लावलं. म्हणाले, कागद मागून येतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर माझे बूट कात्रीनं कापून काढले."

आईचे हात घडीवरच थांबले होते.

"मग आमचे कंपनीचे साहेब माझ्या खाटेशी आले. म्हणाले, तुझ्यावर आरोप नको आणि कंपनीवर डाग नको. तू बर्फाच्या आधीच डेपोत गेला होतास आणि पेटी पडली, असं दाखवू. कोणाचाच दोष नाही. मला ताप होता. मी सही केली. मग जो माणूस वर नव्हताच त्याच्या शौर्याचा कागद पुढं जाणार कसा? गेलाच नाही. पदकं तेवढी हातात राहिली."

"म्हणजे," आई हळूच म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या पेटीला शिव्या घातल्या!"

मला एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी डोक्यात काहीतरी फुटलं. ज्या कामासाठी पदक लावलं त्याच कामात बोटं गेली. आणि बोटं लपवण्यासाठी त्या साहेबांनी बाबांचं पदकच पुसलं? ढालीसाठी? लाकडाच्या फळीवर ठोकलेल्या पत्र्यासाठी?

ते कंपनीचे साहेब ह्याच शहरात राहत होते. टेकडीकडच्या रस्त्याला. बाबांना हे माहीत होतं, आणि तरी बाबा म्हणाले, "त्यांचं नाव घ्यायचं नाही. माणूस चांगला होता."

"हो ना," आई म्हणाली. "म्हणूनच तुम्ही आयुष्यभर मोजे घालून झोपलात."

मग ती माझ्याकडे वळली. "तूच जा. मी गेले तर त्यांच्या घरातली काचेची एक वस्तू शाबूत राहायची नाही."

मुंगीला घरी ठेवायचं तर ती रडून गल्ली गोळा करते, म्हणून तिला घेऊनच गेले. साहेबांनी स्वतः दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, पांढरे स्वच्छ केस, अतिशय गोड बोलणं. मुंगीला बिस्कीट दिलं. मी वडिलांचं नाव सांगताच ते उठून उभे राहिले, आणि आपण उगाचच चिडून आलो की काय, असं मला क्षणभर वाटलं.

"तुझ्या वडिलांसारखा गडी माझ्या कंपनीत दुसरा नव्हता," ते म्हणाले. "वादळातून दोघांना ओढत आणलं त्यानं. मी जन्मात विसरणार नाही."

"मग तेवढंच लिहून द्या."

ते बसले. त्यांच्या मागच्या भिंतीवर फोटो होता. तरुण साहेब दोन्ही हातांनी ढाल घेताना.

"बाळ, ते इतकं सरळ नाही. ती ढाल पलटणीच्या इतिहासात आहे. दरवर्षी नव्या पोरांना त्या हिवाळ्याबद्दल सांगतात. मी आज वेगळं काही लिहिलं तर काय राहील? शिवाय त्यानं मान्य केलं होतं. मी जबरदस्ती केली नव्हती."

"तापात पडलेल्या माणसाची मान हलली, त्याला तुम्ही मान्य केलं म्हणता?"

"तो काही एकटा नव्हता," ते घाईनं म्हणाले. "एकाचं उघडलं की सगळ्यांचं उघडावं लागतं."

"सगळे म्हणजे? किती जण होते?"

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली. आणि अगदी तेव्हाच मुंगी माझा हात ओढत म्हणाली, "आई, शू."

भांडण अर्ध्यावर टाकून मला त्या माणसाला विचारावं लागलं, "बाथरूम कुठं आहे?" त्यांनी आदबीनं दार दाखवलं. मी मुंगीला धरून बसवलं. घडी घातलेले टॉवेल, कोरडी फरशी, बाहेरून येणारा कपबशीचा आवाज. बाहेर आले तेव्हा साहेबांच्या उघड्या चपलांकडे माझी नजर गेली. मी बोटं मोजली. दहाच्या दहा होती.

"मी एक करू शकतो," साहेब म्हणाले. त्यांनी तेवढ्यात कागद काढून ठेवला होता. "चांगल्या वर्तणुकीचं पत्र देतो. प्रामाणिक, शिस्तीचा, आज्ञाधारक..."

"आज्ञाधारक!" मी म्हटलं. "ते तुम्ही तुमच्या त्या ढालीच्या मागे चिकटवा."

आम्ही फाटकातून बाहेर आलो. मुंगी बिस्किटाचा चुरा फ्रॉकवर सांडत होती, त्यावरून मी तिच्यावर ओरडले. ती रडली. मग तिला छातीशी धरून मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मी कुणावर ओरडत होते ते मला कळत होतं, आणि तो इस्त्रीचा शर्ट आत चहा पीत होता.

डॉक्टरबाईंनी सर्टिफिकेट दिलं: दोन्ही पायांच्या बोटांना झालेली इजा थंडीची आहे, चिरडल्याची नाही. ते घेऊन आम्ही पुन्हा रेकॉर्ड ऑफिसात गेलो. बाबा येत नव्हते. मी म्हटलं, "मग मी एकटी जाते आणि जे तोंडाला येईल ते बोलते." त्याला घाबरून आले.

ह्या वेळी कारकुनानं आम्हाला आत केबिनमध्ये, अधिकाऱ्यांकडे पाठवलं. मुंगी माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तयारी करून आले होते.

"तुमचा डेपो सपाट मैदानात आहे. तिथे हिवाळ्यातही लोक अंगणात झोपतात. तुमच्या रेकॉर्डप्रमाणे माझे वडील तिथे होते आणि त्यांची सहा बोटं बर्फानं गेली. तर मला एवढंच सांगा, डेपोत बर्फ कोणत्या दिवशी पडला?"

अधिकाऱ्यांनी सर्टिफिकेट वाचलं, जुनी जबानी वाचली. माणूस मूर्ख नव्हता. त्यांनी चष्मा काढला.

"मला कळलं काय झालं असेल ते," ते म्हणाले. "काका, एक सोपा मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या की दुखण्यात तुम्हाला भान नव्हतं, तुमच्याकडूनच जागा आणि कारण चुकीचं सांगितलं गेलं. नजरचूक. कोणाचाच दोष नाही. चौकीचं पदक मी महिनाभरात नोंदवून देतो. शौर्याचंही बघू. मोठ्या साहेबांच्या दौऱ्याच्या नोंदी कुठेतरी असतीलच."

त्यांनी तिथेच चार ओळी टाईप करवून घेतल्या. कागद बाबांच्या पुढ्यात आला आणि त्यावर पेन ठेवलं गेलं.

मला तो कागद हवा होता, हे कशाला लपवू? महिनाभरात म्हणजे वार्षिक सभेच्या आत. फळ्यावर नाव लागणार नाही. बाबा पुढच्या रस्त्यानं बागेत जातील. मी मुंगीला सावरत वाकले आणि म्हटलं, "बाबा, करा सही. संपवा एकदाचं."

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. सावकाश वाचला. परत पहिल्या ओळीपासून वाचला.

"माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं," ते म्हणाले.

"तसं फक्त लिहायचं आहे, काका."

"कोणाचाच दोष नाही."

"हो. म्हणजे कुणाला त्रास नको..."

"साहेबांनीही हेच वाचून दाखवलं होतं!"

मी बाबांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. परेडवर असाच असावा. काचेपलीकडे सगळ्यांच्या माना वळल्या. मुंगी दचकून उठली आणि रडायलाही विसरली.

"हेच शब्द! खाटेशी उभं राहून! मी तेव्हा म्हणालो, बरं. संघात म्हणालो, बरं. दोन माणसं पाठीवर आणली, ती चूक? बूट काढले नाहीत, ती चूक? तुम्ही सगळे मिळून मला किती वेळा खोटं लिहायला लावणार आहात? सही एकदा केली. आता करायची नाही!"

"बाबा," मी म्हटलं.

"तू गप्प बस," ते माझ्यावर ओरडले. "तूसुद्धा सही करा म्हणालीस."

माझे कान तापले.

अधिकाऱ्यांचा स्वर बदलला. "मग नीट ऐका. तुम्ही म्हणता तसं लिहायचं, तर चौकशी लागेल. खोटी जबानी दिल्याचा ठपका तुमच्यावरही येईल. वर्षं जातील. दोन्ही पदकं कायमची जाऊ शकतात. कळतंय?"

"कळतंय."

"आणि ती जबानी तुम्हाला कोणी द्यायला लावली, ते नाव सांगावं लागेल."

बाबा थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, माणूस चांगला होता. मी तोंड उघडलंच होतं. पण त्यांनी माझ्याकडे न बघता साहेबांचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट, एकेक अक्षर तोडून.

"आणि मी एकटा नव्हतो," ते म्हणाले. "त्या हिवाळ्यात 'पेट्या' पुष्कळ पडल्या. बाकीच्यांचीही नावं लिहून घ्या. त्यांचंही रेकॉर्ड उघडा."

"तुमचा अर्ज तुमच्यापुरता असतो, काका."

"मग दुसरा अर्ज लिहा."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, काचेबाहेर पाहिलं, मग सुस्कारा सोडून कारकुनाला आत बोलावलं. तोच तो, उडत येऊन जाऊन म्हणणारा. तो कोरा कागद घेऊन बसला.

"पहिला, स्वयंपाकी," बाबा म्हणाले. "डाव्या पायाचा अंगठा. आम्ही त्याला लंबू म्हणायचो."

"लंबू असं लिहू?" कारकून म्हणाला. "पूर्ण नाव?"

"आठवतंय. थांबा." बाबांनी डोळे मिटले. त्यांना नाव आठवलं. मग वडिलांचं नाव, मग गाव.

दुसरा आठवला. तिसऱ्याचं आडनाव काही केल्या आठवेना. बाबा टेबलावर मूठ आपटत राहिले. बाहेर कपाटं बंद व्हायला लागली होती, दिवे एकेक करून मालवत होते. शिपाई दोनदा डोकावून गेला. कारकुनानं पेन खाली ठेवलं. "उरलेली उद्या सांगा, आजोबा."

मी मुंगीला मांडीवर घेतलं, खुर्ची टेबलाशी ओढली आणि पेन उचलून त्याच्या हातात परत दिलं.

"ते आठवतायत," मी म्हटलं. "तुम्ही लिहा."